अठ्ठेचाळीस चित्रं

मावळातल्या शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी चिंगीचा आवाज ऐकला होता, आणि चिंगी कोण ते एकालाही ठाऊक नव्हतं. पडद्यावर उंदीर बोलला की ती चिंगी, बदक बोललं की ती चिंगी, आणि 'पाणी उकळून प्या गं बायांनो' म्हणणारी ती चष्मेवाली म्हातारी, तीही चिंगीच. सिनेमाच्या शेवटी नावं यायची. चित्रं काढणाऱ्या हौशीराम मास्तरांचं यायचं, यंत्र चालवणाऱ्या अंबाजीचं यायचं, ज्या बंगल्यात हे सगळं चाले त्या बंगल्याच्या मालकाचंसुद्धा यायचं. चिंगीचं नाही. मास्तर म्हणायचे, उंदराला बाईचं नाव लावलं की तो उंदीर राहत नाही. वा रे वा! पण चिंगीला त्याचं दुःख नव्हतं. जिनं तिला ओळखावं असं तिला वाटे, तिला वाचताच येत नव्हतं. ती नुसती ऐकणारी होती.

ती म्हणजे चिंगीची आई, बयाबाई. गडाच्या पायथ्याला तिकोणा पेठ, पेठेच्या वरच्या अंगाला ओढा, आणि ओढ्यापलीकडे दहा-बारा खोपटांची वाडी. त्या वाडीत कुणी कुणाला शोधायला जात नसे. दारात उभं राहायचं, तोंडाला हात लावायचा आणि हाक मारायची. समोरच्या डोंगरावरून ओ आली की काम झालं. हाक कुणाच्या घरची, हे डोळे मिटून सांगता यायचं. बयाच्या घरची हाक 'आयेऽऽ' वर चढायची आणि शेवटाला जरा मुरकायची.

आणि या हाकेचा एक नेम होता. दिवस कलला की एका हाकेला ओ द्यायची नाही, दोन हाकांनाही नाही. तिसरी आली तरच. कारण मेलेलं माणूस पण हाक मारतं, अगदी हुबेहूब मारतं, पण दोनदाच. तिसरीला त्याचा दम पुरत नाही. दोन हाकांवर जो ओ देईल त्याला ते घेऊन जातं. आता शहरातल्या लोकांना हसू येईल, येऊ दे. वाडीत हसत नसत.

चिंगी नऊ वर्षांची होती तेव्हा शेळी शोधायला गेली आणि ओढ्याच्या पेठेकडच्या काठाला काटा मोडून बसली. तिन्हीसांजा झाल्या. तिनं हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग रडायलाच लागली. पलीकडे बया दारात उभी, दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबून. पोरगी दिसत नाही, नुसती ऐकू येते, आणि ओ देता येत नाही. बयाचा जीव तिथं कसा टिकला तिचं तिलाच माहीत. अखेर चिंगीला नेम आठवला, तिनं हुंदका गिळला आणि तिसरी मारली. ती पुरी व्हायच्या आत बया अनवाणी ओढ्यात होती. "ओऽऽ! आले गं माजे बाई, आले!" जवळ आली, आधी पाठीत एक धपाटा घातला, मग पोटाशी धरून स्वतःच रडली. "कुटंबी अस, तीन मारायच्या. ध्यानात ऱ्हाईल का न्हाई? दोनावर म्या ओ द्यायची न्हाई, सांगून ठिवते."

करवंदांच्या हंगामात मायलेकी लोणावळ्याला मावशीकडे राहायच्या आणि स्टेशनात पाट्या घेऊन बसायच्या. बाप, शिदू, कधीच गेला होता. बया गप्प बसे, गिऱ्हाईक चिंगी ओढी. कधी कोकिळा होऊन, कधी पाळण्यातलं पोर होऊन. आगगाडीतल्या बायका पोर कुठं रडतंय म्हणून खिडकीतून वाकायच्या आणि करवंदं घेऊन बसायच्या. एके दिवशी अंबाजी तिथं कोकिळेचा आवाज धरायला यंत्र घेऊन आला. हा पूर्वी देहूरोडच्या डेपोत रेडिओ दुरुस्त करायचा. दोन तास त्यानं कोकिळा धरली, खूश होऊन बंगल्यावर नेली, तर शेवटी शेवटी कोकिळा म्हणते, "घ्या की बाई, गोड हायेत!" मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कोकिळेला बोलावून घेतलं.

हौशीराम मास्तर आधी शाळेत चित्रकला शिकवत. मग त्यांच्या डोक्यात चित्रं हलवायचं खूळ शिरलं. सरकारला खेड्यापाड्यांतून दाखवायला छोटे सिनेमे लागत, ते मास्तर करून देत. बंगल्याच्या मागच्या खोलीला आतून चहूबाजूंनी गोधड्या टांगलेल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. तरी रेल्वे यायचीच. म्हणून अंबाजीनं गाड्यांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या, आणि दोन गाड्यांच्या मधे जे काय बोलायचं ते बोलून घ्यायचं. पावसाळ्याचे चार महिने तर काम बंदच, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाला कोण गप्प करणार? चिंगी पंधरा-सोळा वर्षांची होती. त्या गोधड्यांच्या खोलीत तिला पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं, "शाब्बास! पुन्हा एकदा." माणूस शाब्बासकीला किती हपापलेलं असतं बघा. ती वाडीला परत गेलीच नाही.

घरी तिची सुपारी फुटली होती. वाडीतल्याच गेणूशी. चांगलं घर, दोन बैल. तो मांडव तसाच राहिला आणि बयाला वाडीत तोंड दाखवायची सोय उरली नाही. ती पोरीला न्यायला बंगल्यावर आली, पण मागच्या खोलीच्या दाराशीच थबकली. आत चिंगी कुत्रा झाली होती. साहेबाच्या दारचा लाडावलेला कुत्रा, भुंकतोय, कुईं कुईं करतोय, आणि दोन पुरुष हसताहेत. बया सगळं ऐकत उभी राहिली. मग तिनं दार ढकललं.

"मानसाची पोर तू," ती म्हणाली. "आन् ह्यांच्याम्होरं कुत्र्यावानी भुकतीयास?"

"आये, अगं सिनेमातला कुत्रा हाय त्यो."

"कुत्रा त्यो कुत्रा. चल घरी."

"म्या न्हाई येनार."

बयानं पदर खोचला. "मग आईक. आजपास्नं मला हाक मारू नगंस. मारलीस तरी म्या ओ देनार न्हाई. तीन मार, न्हाईतर तीस मार."

चिंगी तरी कुणाची पोर? "न्हाई मारनार!" ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.

असं बोलून जायला एक घटका लागते आणि फिरवायला सात वर्षं पुरत नाहीत. लोणावळ्याहून वाडी जवळ. पॅसेंजरनं कामशेत, तिथून काळे गावापर्यंत एस.टी., पुढे पायी. सकाळी निघालं तर दुपारी पोचावं. सात वर्षांत चिंगी एकदाही निघाली नाही. दर दिवाळीला ती आईसाठी लुगडं घेई आणि ट्रंकेत ठेवून देई. कामात मात्र तिचं नाव झालं, म्हणजे नाव नाहीच, आवाज झाला. मुंबईहून जाहिरातवाले यायचे आणि मास्तरांना विचारायचे, तुमच्याकडचं ते बदक मोकळं आहे का? चिंगी बारा तऱ्हांचं रडायची, आठ तऱ्हांचं हसायची. फक्त स्वतःच्या आवाजात ती माइकपुढं कधी बोलली नव्हती. त्या आवाजाचं तिथं काही कामच नव्हतं.

ते काम निघालं चौसष्ट साली. रानातल्या वणव्यांवर सिनेमा करायचा होता. कुणी बिडी टाकतं, गवत पेटतं, खारीचं पिल्लू जाळात सापडतं आणि आईला हाका मारतं, अशी गोष्ट. सिनेमा पवन मावळातल्या सगळ्या गावांत दाखवायचा होता, आणि गावांच्या यादीत अंबाजीनं वाचून दाखवलं, "तिकोणा पेठ."

चिंगीनं ते नाव पुन्हा वाचायला लावलं. तिथं वाडीची माणसं येणार. बया येणार. आणि हाक कोण मारणार? चिंगी नाही, खारीचं पिल्लू! शब्दही मोडत नाही आणि हाकही पोचते. सात वर्षं जो दरवाजा तिला दिसत नव्हता तो असा मास्तरांच्या कागदावर निघाला. त्या दिवशी तिला जेवणही गेलं नाही. आई ओळखील, तिसऱ्या हाकेला न राहवून ओ देईल, मग आपण ट्रंक उघडायची आणि जायचं. इतकं सरळ होतं सगळं.

मास्तरांची रीत अशी की आधी आवाज घ्यायचा, मग त्या मापानं चित्रं काढायची. चिंगी माइकपुढं उभी राहिली. तिनं डोळे मिटले, तोंडाला हात लावला आणि स्वतःच्या आवाजात, घरच्या चालीवर हाक मारली. "आयेऽऽ!" अंबाजीनं चमकून मान वर केली. हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. दुसरी मारली. तिसरी मारायला तिनं श्वास भरला, मारलीही, आणि तिच्या ऐन मध्यावर घाट चढून आलेल्या मालगाडीनं शिट्टी दिली. भिंतीवरच्या वेळांत ही गाडी नव्हतीच.

अंबाजीनं हात वर केला. सगळे गाडी जाईपर्यंत थांबले. एकेक डबा खडखडत गेला.

"आता घ्या तिसरी," चिंगी म्हणाली.

मास्तर म्हणाले, "कशाला? दोन झाक आल्यात. दोन पुरे."

"घ्या की मास्तर. तीन पायजेत."

"अगं बाई, तिसरी हाक म्हणजे दोन सेकंदं. एका सेकंदाला चोवीस चित्रं. दोन सेकंदं म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं! हा हात बघ." त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा सुजून टम्म झाला होता, त्यावर तेलाची चिंधी बांधलेली. "पिल्लू हाका मारतंय, हे दोन हाकांत कळतंय लोकांना."

चिंगीच्या ओठावर आलं होतं. आमच्यात दोन हाका मेलेलं माणूस मारतं, मास्तर. पण तिनं त्या दोघांकडे पाहिलं. एक शाळेत शिकवणारा, एक रेडिओ उघडून जोडणारा. हसतील. वाडीची ती वाडीचीच, म्हणतील. सात वर्षं घासून पुसून तिनं स्वतःची जी चिंगी केली होती तिला ते हसणं सोसवलं नसतं. आणि हा तर सिनेमा, ही काय खरी हाक थोडीच? आईला आवाज तर कळेल!

"चालंल," ती म्हणाली.

सांगितलं असतं तर मास्तरांनी काढली असती चित्रं. माणूस वाईट नव्हता. कण्हत कुंथत काढली असती.

फाल्गुनात सिनेमा दाखवणारी सरकारची प्रचाराची गाडी फिरायला निघाली. चिंगी दिवस मोजत बसली. होळी झाली, पाडवा आला, निरोप काही येईना. महिन्यानं गाडीचा ड्रायव्हर निवृत्ती रिळांचे डबे परत द्यायला बंगल्यावर आला. चहा पीत तो गावोगावच्या गमती सांगू लागला. कुठं बैल उधळला, कुठं पोरं पडद्यामागं खार शोधायला गेली.

"आणि तिकोणा पेठेत तर कहरच," तो म्हणाला. "तुमचं ते पिल्लू हाका मारतं ना, तर एक म्हातारी बायांतनं ताडकन उठली आणि 'ओऽऽ' म्हणून ओरडली! अहो, सगळं पटांगण हसलं."

चिंगीनं हातातली बशी खाली ठेवली. "कशी हुती? उंच? कपाळाला गोंदलेलं?"

"अंधारात गोंदण कुठं दिसतंय बाई? पण आवाज असा खणखणीत की बस. हात पुढं करून उभी होती पडद्याकडं."

ओ दिली! दोन हाकांवर दिली! दोनावर ओ द्यायची न्हाई म्हणणाऱ्या बाईनं पोरीसाठी नेम मोडला, शब्द मोडला. चिंगी मागच्या खोलीत गेली, गोधडीत तोंड खुपसून रडली आणि मग हसली, आणि हे हसणं तिच्या त्या आठ तऱ्हांतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं ट्रंक उघडली. सातही लुगडी एका बोचक्यात बांधली आणि पहिली पॅसेंजर धरली.

काळ्याला उतरून ती चालत निघाली. ऊन चढलं होतं. पेठेतून वर येताना दोन बाया पाण्याला चाललेल्या दिसल्या. चिंगी त्यांना बघून हसली, तशी त्यांनी हंडे टाकले आणि पळत सुटल्या. चिंगीला वाटलं, लोणावळ्याचं पातळ, पायात चप्पल, भलतीच बाई वाटली असेल. ती ओढ्यापाशी आली. पलीकडे घर दिसत होतं, दार लावलेलं. दुपारची वेळ, तीन हाकांची गरजच नव्हती. तरी तिनं बोचकं खाली ठेवलं, तोंडाला हात लावला आणि मनापासून तीन मारल्या. पहिली, दुसरी, तिसरी. तिन्ही वरपर्यंत गेल्या.

कोणी ओ दिली नाही. वाडीतली उघडी दारंही धडाधड लागली.

बऱ्याच वेळानं शेजारच्या खोपटातून सरूबाई बाहेर आली. बयाच्या वयाची, तिची जन्माची सोबतीण. ती ओढ्यापर्यंत आली, पण पाण्यात पाय घालीना. पलीकडूनच चिंगीच्या पायांकडे निरखून बघत राहिली, पावलं सुलटी आहेत का उलटी.

"सरूमावशे, म्या चिंगी. वळख पटंना व्हय?"

"तीन आल्या म्हून भाईर आले," सरूबाई म्हणाली. "तू जित्ती हायेस?"

"आगं, मला काय झालंय?"

सरूबाई ओढा ओलांडून आली, चिंगीच्या दंडाला हात लावला, चिमटा काढून बघितला, आणि तिथंच दगडावर मटकन बसली. "आरं देवा," ती म्हणाली. "आरं माज्या देवा, ह्ये काय क्येलंस."

"आई कुटं हाय?"

मग सरूबाईनं सांगितलं. पेठेत सिनेमा आला म्हणून सगळी वाडी खाली गेली, बयालाही तिनंच ओढून नेलं. पडद्यावर रान पेटलं. आणि जाळातून हाक आली. घरची हाक, त्याच चालीची. बयानं सरूचा हात धरला. दुसरी आली. बयाची बोटं सरूच्या मनगटात रुतली. दोघी तिसरीची वाट बघत बसल्या.

"तिसरी आली न्हाई गं," सरूबाई म्हणाली. "खार पळाली, लोकं हसाय लागली. बया मला म्हनली, सरे, पोर जळून मेली. जाळात हुती. आता खारीच्या जल्माला गेलीया आन् मला हाक मारतीया. म्या म्हनलं, गप, त्यो सिनेमा हाय, ओ दिऊ नगंस, न्हेईल तुला. दोनच आल्यात. तर मला म्हनली, मला म्हाईत न्हाई व्हय दोन आल्यात त्या? सात वर्सं पोरीला ओ दिली न्हाई म्या. मेली तरी माजीच हाय. आता तरी ओ नगं दिऊ तिला? आन् उठली. आन् दिली ओ."

चिंगीनं बोचकं उचलून पोटाशी धरलं.

"दुसऱ्या दिशी न्हाली. ठेवणीतलं लुगडं नेसली आन् उंबऱ्यावर बसली. भाकर खाईना. म्हनं, कशाला खाऊ, पोर न्यायला येनार हाय. लय समजावली गं म्या. रागवायची न्हाई, रडायची न्हाई. खूश हुती. आजवर येवढी खूश म्या बघितली नव्हती तिला. नवव्या दिशी बसल्या जागी गेली." सरूबाईनं डोळ्यांना पदर लावला. "तुमचा दोगींचा दहावा येकदमच क्येला. गेणूनं तुजा पिंड ठिवला. कावळा तुज्याच पिंडाला शिवंना, कसा शिवल?"

"कुनी सांगावा का न्हाई धाडला?"

"कुनाला धाडायचा? तूच मेलीस म्हनल्यावर?"

ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं. चिंगीनं बोचक्याची गाठ सोडली आणि उगाच पुन्हा बांधली. सातही लुगड्यांच्या घड्या तशाच होत्या. सरूबाई तिच्याकडे बघत राहिली, आणि मग म्हातारीचा बांध फुटला. तिनं चिंगीच्या पातळाचा सोगा धरून तिला गदागदा हलवलं.

"तीन मारायला काय झालं हुतं गं तुला? आँ? यवढं शिकिवलं हुतं तिनं! अजून येक हाक मारायला काय झालं हुतं?"

बारा तऱ्हांचं रडणाऱ्या चिंगीला एकही तऱ्हा आठवेना.

"त्यांचा हात दुखत हुता," ती म्हणाली.

"कुनाचा?"

"चित्रं काढनाऱ्याचा."

सरूबाईला काहीच कळलं नाही.